गाडी मालकाची, हाडं आपली

बोथ, जि. आदिलाबाद
गुरुवार, दुपार

प्रिय साळेसाहेब श्री. अमरदीपराव यांस,

नागोरावचा सप्रेम जयभीम. तुम्ही, प्रतिभाताई आणि पाहुण्यांवर भुंकून चोरांना ओळख दाखवणारा तुमचा तो कुत्रा, सगळे खुशाल असाल अशी आशा करतो. इकडं तुमच्या भगिनी द्वारकाबाई ठणठणीत आहेत. त्या नेहमीच ठणठणीत असतात, या घरात बिघडायचं काम माझ्याकडं आहे. आज माझं डोकं विलक्षण जड झालेलं असून कानांत दडे बसल्यासारखं वाटतं, थंडीचे दिवस असून कपाळावर घाम आहे, आणि चष्मा लावता येत नसल्यानं अक्षर पहिलीतल्या पोरासारखं मोठं येतं आहे, ते सांभाळून घ्यावं. समोर चहा आणून ठेवला आहे तो तसाच गार होतो आहे. फोन का नाही केला असं तुम्ही म्हणाल. आज फोन कानाला लावता येईल अशी परिस्थिती नाही (कारण विचारू नये). शिवाय फोनवर माझं बोलणं रंगात आलं की तुम्ही 'बरं भाऊजी, ठेवतो' म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही. शेजारचा नागेश, मोटारी बांधायचं दुकान आहे तो (मोटारी म्हणजे विहिरीवरच्या, गैरसमज नको, या घरात त्या शब्दाची आधीच धास्ती आहे), उद्या सकाळच्या बसनं नागपूरला येतो आहे. त्याच्या हाती हे पत्र रूबरू पोचेल.

पत्रास कारण तुम्ही स्वतःच आहात. आमचे चिरंजीव आणि तुमचे लाडके भाचे हर्षदीप सोमवारी माझ्याशी भांडून घरातून निघाले, ते तुमच्याकडं उतरले आहेत हे मला माहीत आहे. येत्या रविवारी आदिलाबादला त्याची ग्रुप फोरची, म्हणजे सरकारी कारकुनीची, परीक्षा आहे. त्याच रविवारी मद्रासकडच्या कुठल्याशा ट्रॅकवर एक नवी कंपनी त्याची चाचणी घेणार आहे. पास झाला तर त्याला अशा शर्यतीत घेतील जिथं एकच गाडी सहा सहा तास पळवतात आणि तीन ड्रायव्हर पाळीपाळीनं चालवतात. (आपल्या एस.टी.तही हेच करतात, फक्त बघायला तिकीट लावत नाहीत.) तो उद्या रात्री नागपुरातून गाडी धरणार. मद्रास दक्षिणेला असताना हा मुलगा आधी उत्तरेला नागपूरला गेला, यावरून त्याच्या एकंदर वाटचालीची कल्पना यावी. माझी दरख्वास्त एवढीच, की त्याला कानाला धरून उलट्या बसमध्ये बसवा. तो जगात फक्त मामाचं ऐकतो. परंतु तहसील कचेरीत मी तीस वर्षं काढली आहेत आणि मागचा मजकूर जोडल्याशिवाय पुढं कागद सरकवायची मला सवय नाही. म्हणून हा सगळा गुन्हा पहिल्यापासून मांडतो.

पहिला आरोपी तुम्ही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगं मामाकडं जातं ते आंबे खायला, असा आपल्याकडं दस्तूर आहे. तुम्ही त्याला गो-कार्टवर नेलं. चार चाकं, वर छप्पर नाही, हॉर्न नाही, आणि बूड जमिनीपासून दोन बोटांवर. या वाहनातून जायचं कुठं, तर जिथून निघालो तिथंच. पोरानं पहिल्याच वर्षी कप आणला आणि तुम्ही फोनवर म्हणालात की भाऊजी, याच्या हातात कला आहे. तेव्हाच मी ओळखलं की याच्या हातात पुस्तक राहणार नाही. (तो कप अजून आहे. तुमच्या भगिनी त्यात पळ्या आणि उलथणी उभी करतात, आणि पाहुणे आले की उलथणी काढून कप दाखवतात आणि पुन्हा उलथणी ठेवतात.) मला आक्षेप खेळाचा नव्हता. आमचे बाबा, शेषराव, तुम्ही त्यांना पाहिलं नाही, जन्मभर पाटलाची बैलबंडी हाकत आले. मी शिकलो आणि कचेरीत खुर्चीवर बसलो. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, खाली पुठ्ठा घालावा लागे, पण आमच्या घराण्यात पहिल्यांदाच एक माणूस एका जागी बसून पगार घेत होता. आता माझ्या मुलानं त्याहून चांगल्या खुर्चीवर बसावं, अशी माझी सरळ समजूत होती. तो बसला, पण त्या बसायच्या जागेला पट्टे होते आणि ती तासाला दीडशे किलोमीटरनं पळत होती.

कार्टनंतर फॉर्म्युला. म्हणजे टीव्हीवर दाखवतात त्यातली नव्हे, त्याच्या खालची, त्याच्याही खालची. लांबुडकी गाडी, चाकं बाहेर, माणूस आत आडवा. मुलगा ड्रायव्हर झाला म्हणून आमच्या चौकातले किराणावाले यशवंतराव भेटायला आले आणि त्यांनी फोटो बघून किती सवाऱ्या बसतात म्हणून चौकशी केली. एक, म्हटलं. 'तोबी डायवरच? मंग ह्यायले परवडते कसं?' असं ते म्हणाले आणि माझ्याकडं ज्या कीव आलेल्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही. पहिली शर्यत मोबाईलवर दिसणार होती. यशवंतरावांनी दुकानात मोबाईल पोत्यावर टेकवला, अर्धं बोथ जमलं. निळी गाडी आपली, असं नागेशनं जाहीर केलं. निळी गाडी तिसरी होती, मग दुसरी झाली, लोक पोत्यांवर उभे राहिले, आणि ती पहिली आल्यावर फटाके लागले, पेढे वाटले, मलाही एक हार पडला. हार घालून घरी आलो तेव्हा चिरंजीवांचा फोन, की पहिल्याच वळणावर मागून कुणीतरी ठोकल्यामुळं तो शर्यतभर वाळूत बसून होता. निळ्या गाड्या दोन होत्या. ज्याच्यासाठी आपण फटाके फोडले तो कोइमतूरचा कुणी मुलगा, त्याच्या आईबापांना अजून पत्ता नसेल की बोथमध्ये त्यांचा केवढा गौरव झाला. पेढे परत मागता येत नाहीत.

त्यानंतर पुढच्या साली फॉर्म्युलाच्या मालकाला दुसरा कुणी मिळाला आणि आपले चिरंजीव साध्या मोटारींच्या शर्यतीत गेले. साधी म्हणजे बाहेरून आपल्या तहसीलदारांच्या गाडीसारखी, आतून मात्र घरफोडी झाल्यासारखी. मागची सीट नाही, गाद्या नाहीत, काचा वर करायला काही नाही, नुसत्या लोखंडी नळ्या. द्वारकाबाईंनी फोटो बघून विचारलं, 'मांगची शीट काऊन काढली रे? मी कुठी बसू?' वजन कमी करायला, असं त्यानं सांगितलं. मी वजनदार हाय काय, म्हणून त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. या गाडीच्या दारावर मालकाचं नाव हातभर अक्षरात, छतावर एका सिमेंटवाल्याचं, पुढं मसालेवाल्याचं, मागं बनियनवाल्याचं. मी शोधून शोधून थकलो, तेव्हा काचेच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात आपल्या पोराचं नाव दिसलं. त्या दिवशी मी त्याला म्हणालो ते आजही म्हणतो, की गाडी मालकाची, टायर मालकाचं, गाजावाजा मालकाचा, हाडं तेवढी आपली. मोडली तर ती मात्र कुणी मालकीची सांगायला येत नाही. (पुढं मोडलीच. खांदा. तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात आणि मला फोनवर 'किरकोळ' म्हणालात. तुमच्या किरकोळमध्ये दोन खिळे बसले.)

खांदा बरा झाल्यावर माणूस शहाणा होईल की नाही? हा रॅलीत गेला. रॅली म्हणजे ट्रॅक नाही, सरळ रानातून, चहाच्या मळ्यातून, ओढ्यातून गाडी हाणायची, आणि शेजारी एक माणूस बसून वहीतून मोठ्यानं वाचत राहतो, की पुढं डावीकडं, आता उजवीकडं, खड्डा आहे, सांभाळून, अजून सांभाळून. ही कला असेल तर अमरदीपराव, मी तुमच्या भगिनीला मागं बसवून तीस वर्षं स्कूटर चालवली आहे. 'म्हैस हाय, म्हैस हाय' या सूचनेपासून 'झाली म्हैस, आता जा' पर्यंत सगळं आम्ही बोथ ते आदिलाबाद केलेलं आहे, आम्हाला कुणी कप दिला नाही. हर्षदीपच्या शेजारच्या विद्वानानं एकदा वहीची दोन पानं एकदम उलटली आणि ही जोडी शर्यत सोडून कुण्या मळेवाल्याच्या मांडवात शिरली, जिथं त्याच्या पोरीचं लग्न लागत होतं. मुलीकडच्या मंडळींना वाटलं नवरदेवाकडची गाडी आली, त्यांनी ओवाळलं. हे दोघं जेवून निघाले. रॅलीत त्यांचा नंबर आला नाही, पण लग्नाच्या फोटोत दोघंही हेल्मेट काखेत धरून पहिल्या रांगेत आहेत.

आणि मग ट्रक. ट्रकच्याही शर्यती असतात हे मला माझ्या मुलानं शिकवलं. एवढं शिकून, एवढं फिरून, विमानानं जाऊन येऊन शेवटी ट्रक. अहो, ट्रकच चालवायचा होता तर आपल्या बोथपासून हाकेच्या अंतरावर हैदराबाद-नागपूर हायवे आहे. तिथं ट्रकवाले रोज शर्यत लावतात, आणि त्यात निदान माल पोचतो. चिरंजीव ट्रकमध्ये तिसरे आले, हे त्यांच्या कारकिर्दीतलं शिखर. पेपरात फोटो आला. तो पाहून आदिलाबादच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं घरी माणूस पाठवला, की हर्षदीपभाऊ नागपूरकडं जाणारच असतील तर जाता जाता चार गठाणी टाकता येतील काय. मला राग आला. मग वाटलं, त्या माणसाचं काय चुकलं? या सगळ्या धावपळीत कामाचा प्रश्न त्या एकट्यानं विचारला.

(इथं लेखणी बराच वेळ थांबली. नागेश आला होता. एक घरगुती काम अडलं होतं, ते तिघांनी मिळून पार पाडलं. चहा नवा करून प्यायलो. आता डोकं हलकं आहे, चष्मा लावला आहे, अक्षर ताळ्यावर आलेलं तुम्हाला दिसेलच. फक्त कान दुखतात.)

तर, ट्रकवाल्या मालकानं यंदा स्वतःच्या भाच्याला बसवलं आणि तुमचे भाचे घरी आले. दिवाळीपासून घरीच. येताना हेल्मेट घेऊन आले. तेवढं मात्र त्याचं स्वतःचं, त्याच्या डोक्याच्या मापानं आतली गादी बसवून घेतलेलं. या हेल्मेटानं आमच्या गल्लीचं फार कल्याण केलं. आदिलाबादला जायचं म्हटलं की चौकात हेल्मेट बघतात, म्हणून ज्याला गाडीवरून आदिलाबादला जायचं तो आधी आमच्या घरी. कुणी दवाखान्यात नेलं, कुणी मुलगी बघायला नेलं, यशवंतराव भाजीबाजारात घेऊन गेले आणि येताना त्यात कांदे भरून आणले. हर्षदीप रात्री आतून पुसत बसे. शेवटी नागेशला पोलिसानं धरलं. का, तर या हेल्मेटावर आयएसआयचा शिक्का नाही. नागेशनं परोपरीनं सांगितलं की साहेब, हे परदेशी तपासणीचं आहे, आगीतसुद्धा जळत नाही. तो जवान शांतपणे म्हणाला, 'आग में जा रहा क्या तू? बाजार में जा रहा ना? फिर?' आणि पावती फाडली. माझ्या मुलाच्या सगळ्या कारकिर्दीचा याहून नेमका मुआयना कुणी केलेला नाही.

आता सोमवारच्या भांडणाकडं येतो. पैनगंगेपलीकडं दरवर्षी शंकरपट भरतो हे तुम्हाला माहीत आहे. हलका छकडा, बैलजोडी आणि ती हाकणारा धुरकरी, सरळ रेषेत जीव खाऊन पळायचं. आमच्या जुन्या गावच्या पाटलांचा नातू, प्रज्वल पाटील, आदिलाबादला जिनिंग चालवतो आणि हौसेनं जोडी ठेवतो. त्यानं पटवाल्यांना सांगून आपल्या हर्षदीपला पाहुणा म्हणून बोलावलं. आम्हीही गेलो, इस्त्रीचे कपडे घालून. हार झाला, नारळ झाला, इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणं. मग प्रज्वलरावांना सुचलं की एवढा मोठा ड्रायव्हर आला आहे तर आमची जोडी त्यानंच हाकावी. हा तयार. तुमच्या भाच्यानं मालकानं परत न मागितलेला, आगीत न जळणारा तो शर्यतीचा अंगरखा चढवला, हेल्मेट घातलं आणि छकड्यावर चढला. बैलांनी एकदा मागं वळून पाहिलं. मला तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत प्रश्न दिसला.

झेंडा पडला आणि जोडी सुटली. आता पट सरळ असतो, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण पंधरा वर्षं वळणं घेतलेला माणूस. त्यानं सवयीनं जोडी आधी डावीकडं बाहेर घेतली, म्हणजे पुढं उजवीकडं आत कापायला बरं. बैलांना वाटलं, पाहुणा डावीकडं चला म्हणतो. डावीकडं भज्यांचं दुकान होतं. हा पायानं ब्रेक शोधत होता, ते छकड्याखाली नव्हते. कढई वाचली, भजी वाचली नाहीत, आणि बैलांनी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा कांद्याची भजी खाल्ली आणि त्यांना ती आवडली. लोक इतके हसले की पुढची जोडी सुटायला उशीर झाला. मीही हसलो. बाप असलो म्हणून काय झालं?

पण त्यानंतरचं ऐका. प्रज्वलरावांनी माईक घेतला. माणूस वाईट नाही, मनानं मोकळा आहे, म्हणूनच बोलून गेला. म्हणाला, हसू नका, याच्या आजोबानं, शेषरावानं, आमच्या आजोबांची जोडी वर्षानुवर्षं हाकली, पहिला नंबर सोडला नाही, आमचं यांचं पिढ्यांचं नातं आहे. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, कारण ते नातं मला ठाऊक आहे. जोडी पाटलाची, पुकारा पाटलाच्या नावाचा, मंचावर फेटा पाटलाच्या डोक्यावर, आणि आमचे बाबा खाली कासरा धरून उभे, बैल बुजू नयेत म्हणून. मी लहान होतो, बाबांच्या धोतराला धरून तिथंच उभा असे. हे मी पोराला कधी सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं होतं काय त्यात? पण तुमच्या भगिनीनं कधीतरी सांगून ठेवलं असणार. हर्षदीपनं माईक मागून घेतला, अंगाला बेसन लागलेलं, आणि अगदी साधेपणानं विचारलं, 'पाटील, पहिला नंबर माह्या आजोबाचा, मंग फेटा कोन बांधे?' आणि माईक परत दिला.  मग मागून कुणीतरी म्हातारं खॅक् करून हसलं, आणि प्रज्वलराव चहा घ्या चहा घ्या म्हणू लागले.

घरी आल्यावर मी त्याला झाडलं. म्हटलं, दुसऱ्याला मोठे प्रश्न विचारतोस, तू तरी काय वेगळं करतोस? आजोबा पाटलाची बंडी हाकत होता, तू सिमेंटवाल्याची हाकतोस. तो म्हणाला, 'बाबा, फरक हाय. तुमी कदी नीट पाह्यलंच नाई.' मी म्हटलं, नीट पाहायला तुझं नाव दुर्बिणीतून शोधावं लागतं. तो म्हणाला, निदान हेल्मेट तर माझं आहे. मग ते इथंच राहू दे, असं म्हणून मी ते उचललं, कपाटात घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. तो तसाच गेला. आईच्या पाया पडला, माझ्यासमोर नुसता उभा राहिला, मी पेपर वाचत होतो. (पेपर कालचा होता.) तुम्ही बुधवारी द्वारकाबाईंना फोनवर सांगितलंत की तो तिथं कुणाचं तरी उसनं हेल्मेट नेणार आहे, ते त्याला सैल होतं आणि मान हलवली की डोळ्यावर येतं. येऊ द्या. सैल असेल तर तीन फेऱ्यांत चाचणी संपेल आणि आपोआप घरी येईल.

सारांश, साळेसाहेब, कार्ट झालं, फॉर्म्युला झाला, मोटार, रॅली, ट्रक आणि बैल झाले. या माणसानं आता फक्त रेल्वे आणि उंट ठेवले आहेत. वय तीसला टेकलं. उद्या पत्र मिळताच त्याच्या पेटीसकट त्याला आदिलाबादच्या बसमध्ये बसवावं आणि रविवारी परीक्षेच्या दारात मी त्याला ताब्यात घेईन. यात कुचराई झाल्यास मी तुमच्याकडं पुन्हा पाणी पिणार नाही. प्रतिभाताईंना जयभीम.

तुमचा,
नागोराव

ता. क. नागेशच्या हाती एक पोतं पाठवतो आहे. वर गावरान बोरं आहेत, त्याखाली तुरीची डाळ, यंदाची, प्रतिभाताईंसाठी. डाळीत हात घालून बघू नये, पोतं उपडं करावं. खाली गोल काही लागेल तो भोपळा नव्हे.

आणखी ता. क. मी आपला एक गोष्ट बघायची म्हणून बघितली. नागेशनं मोबाईलवर त्या ट्रकच्या शर्यतीचा निकाल काढून दिला, बोटांनी मोठा केला, मी चष्मा लावून वाचला. निकालाच्या पाटीवर नाव वर ड्रायव्हरचं असतं, मालकाचं खाली, बारीक. तिसऱ्या ओळीत हर्षदीप नागोराव लिहिलं आहे, माझ्यासकट. कार्टचा जुना निकालही काढला, तिथंही तेच. हे मला इतकी वर्षं कुणी का दाखवलं नाही? तुम्ही दाखवायला पाहिजे होतं. चूक तुमची आहे.

शेवटचं ता. क. परीक्षेचं एवढं काही नाही. त्या होतच राहतात, एकदा सुटली म्हणून सरकार बंद पडत नाही. ती गोल वस्तू त्याच्या हातात गाडी सुटायच्या आधी द्यावी. गाडी सुटल्यावर खिडकीतून देऊ नये, पडेल. माझं नाव सांगू नये. आईनं पाठवलं म्हणावं. वरचा पत्राचा मजकूर त्याला वाचून दाखवला तरी चालेल, पण तो नागपूरहून निघून गेल्यावर.

*

अमरदीप, मी द्वारका लिहून राह्यली. तुहे भाऊजी पत्र बंद कर म्हने अन् पाकीट आनाले दुकानात गेले, म्हनून दोन ओळी टाकते म्हटलं. हेल्मेट कपाटात ठेवलं म्हनून लिहितात ना, ते सोमवारपासून कपाटात राह्यलंच नाई. हे रोज दुपारी काढतात अन् पुसतात. आज जेवन झाल्यावर म्हने, पोट्ट्याले यातून काय दिसते पाह्यतो, अन् डोक्यात घातलं. मंग निघेच ना. कान अडकले. तसेच बसले लिहाले, तुले शिव्या देत देत, म्हनून अक्षर मोठं. मी हसली तं अजून चिडले, आतून काय बोलत होते काईच समजे ना. मंग नागेशले बोलावलं, म्या खांदे धरले, त्यानं वढलं, कानाले तेल लावलं तवा निघालं. कान लाल झाले हायेत. आतून तेल लागलं असन, तू कोरड्या फडक्यानं पुसून देजो, पोट्ट्याले वास येईन.

निघाल्यावर म्या इचारलं, काय दिसलं वो? तं आधी चष्मा लावला. मंग म्हने, यातून समोरचंच दिसते, मांगचं काई दिसत नाई. अन् पोतं घेऊन ये म्हने, बोरं वरून टाक.